पाकिटावरचं ‘घाटी’ आणि घरातले अप्पा

प्रश्न

ठाण्याहून एका वाचक ताईंचं मोठं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा देते.

ताईंचं माहेर आणि सासर दोन्ही सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. कॉलेजसाठी त्या मामाकडे मुंबईला आल्या आणि पुढं ठाण्यात स्थायिक झाल्या. दर उन्हाळ्यात गावाकडून डंकावर कुटून आणलेली कांदा-लसूण चटणी नवऱ्याच्या ऑफिसात इतकी खपू लागली की, यंदा त्यांनी रीतसर व्यवसाय करायचं ठरवलं. दिवाळीच्या प्रदर्शनात स्टॉल घेतला, लेबल करायला दिलं. नाव ठेवलं ‘घाटी’. कारण त्यांच्याच शब्दांत: ‘कॉलेजात मला घाटी म्हणून हसायचे आणि मी गप्प बसायचे. आता तोच शब्द मी अभिमानानं मिरवला तर त्यातलं विष निघून जाईल.’

लेबलचा नमुना घरी आला. गिरणीत उमेदीची वर्षं घालवलेले, संपात नोकरी गेलेले सासरे तो बघून एवढंच म्हणाले, ‘दुसरं नाव सापडलं नाही का?’ त्यानंतर त्या विषयावर बोलत नाहीत. पाकिटं भरायला रोज मदतीला बसायचे, तेही बंद झालं. नवरा म्हणतो, अप्पा जुन्या काळातले, होईल सवय. नववीतली मुलगी म्हणते, ‘मम्मी, नावच किती घाटी आहे!’ आणि शाळेत कुणाला सांगू नको म्हणून हात जोडते.

ताई विचारतात, ‘शब्दाला चांगला अर्थ द्यायचा प्रयत्न करतेय, त्यात माझं काय चुकलं? की अप्पांसाठी माघार घेऊ?’

उत्तर

ताई,

नाव चांगलं आहे हे आधी सांगून टाकते. दोन अक्षरांचं, खणखणीत, एकदा वाचलं की लक्षात राहणारं. तरीही लेबल लगेच छापायला देऊ नका असं मला वाटतं. ‘चुकलं का’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवू, कारण तुमच्या हेतूत खोट नाही. खोट असली तर हिशेबात आहे.

तुम्ही लिहिता की घरातला वाद एका शब्दावरून आहे. मला तुमच्या घरात तीन शब्द दिसतात. अप्पांच्या कानातला ‘घाटी’ गिरणगावातला. तुमच्या कानातला कॉलेजच्या कँटीनमधला. आणि लेकीच्या तोंडचा मोबाइलवरचा; तिच्या लेखी त्या शब्दाचा सह्याद्रीशी काडीचा संबंध नाही. भडक ओढणी, बसमध्ये मोठ्यानं बोलणं, पार्टीत घरचा डबा उघडणं म्हणजे ‘घाटी’. आपले पणजोबा त्या शब्दात आहेत हे बहुधा तिला कुणी सांगितलेलंच नाही. तुम्ही चौथा अर्थ आणू पाहताय. आधीचे तीन घरात नांदत असताना तो पाकिटावरून आत कसा येणार?

शब्द मुळात निरुपद्रवी. कोकणातून घाट चढून गेलं की लागतो तो मुलूख म्हणजे ‘घाट’ आणि तिथली माणसं ‘घाटावरची’. रत्नागिरीकडं आजही ‘तो घाटावर गेलाय’ असं सहज म्हणतात. छत्रपती संभाजीनगरात तर सरकारी रुग्णालयालाच सगळं गाव ‘घाटी’ म्हणतं. ‘आईला घाटीत ॲडमिट केलंय’ या वाक्यावर तिथं कुणाची भुवई वर जात नाही. दचकतो तो मुंबईहून नवा गेलेला माणूस!

बिघडला तो मुंबईत. १८५०च्या दशकात इथं कापडगिरण्या सुरू झाल्या, १८६३ साली बोरघाटातून रेल्वे धावू लागली, आणि कोरडवाहू रानावर पोट न भरणारी सातारा, पुणे, नगरकडची माणसं खाली उतरली. हमाली, गिरणी, घरगडी, पडेल ते काम. मग ‘घाटी’ म्हणजे ते काम करणारा माणूस, आणि पुढं त्या माणसासारखा वागणारा कुणीही. त्याला आईबापांनी ठेवलेलं नाव आहे हे विसरून ‘ए घाटी’ अशी हाक. हाक मारणारे सगळे परके नव्हते, हेही मान्य करायला हवं. एक पिढी आधी शहरात स्थिरावलेले, भाषेला इस्त्री केलेले आपलेच मराठी लोक त्यात होते. गोव्यातही घाटापलीकडून आलेल्या मजुराला, मग तो मराठी बोलो की कन्नड, याच शब्दानं हिणवतात. आणि आपण तरी ‘भैया’, ‘मद्राशी’ म्हणताना कुठं थांबतो?

आता तुमचं मुख्य गृहीतक: अपमानाचा शब्द आपणच मिरवला की त्यातलं विष जातं. ही कल्पना खोटी नाही. पण अर्धी आहे. आपल्याकडचं याचं सगळ्यात ठळक उदाहरण ‘दलित’ या शब्दाचं. त्याची आणि ‘घाटी’ची तुलना वजनात होऊच शकत नाही, घाटी म्हणून कुणाला पाणवठ्यावरून हाकललं नव्हतं. पण शब्द कसा फिरतो हे बघायला ते उदाहरण उपयोगी आहे. १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं. उद्घाटक होते अण्णाभाऊ साठे. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावहून मुंबईला आलेले, गिरणीत राबलेले, म्हणजे तुमच्या अप्पांच्याच वाटेचे. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नव्हे तर दलितांच्या तळहातावर तरली आहे, असं ते तिथं म्हणाले. पुढं १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार या तरुणांनी दलित पँथर उभी केली आणि तो शब्द आव्हानासारखा उच्चारला जाऊ लागला. यात कुणी शब्दाला गोड केलं नाही हे लक्षात घ्या. दलित म्हणजे दळलेला, भरडलेला, हा अर्थ तिथंच राहिला. बदललं ते एवढंच की ऐकणाऱ्याच्या मनात ‘मग भरडलं कुणी?’ हा प्रश्न उभा राहू लागला. त्यासाठी मोर्चे निघाले, माणसांनी लाठ्या खाल्ल्या, कविता लिहिल्या. आणि इतकं होऊनही वाद मिटलेला नाही. कुणाला स्वतःला बौद्ध म्हणवून घेणं जास्त सन्मानाचं वाटतं. २०१८ साली केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्यानं वृत्तवाहिन्यांना हा शब्द टाळायला सुचवलं, तेव्हा तो सोडायला नकार देणारेही पुष्कळ निघाले.

याच्या उलट प्रकार बघा. २०२३ साली आपल्याकडं विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ हा शब्द वापरावा अशी सूचना मंत्रालयातून आली. हेतू सन्मानाचाच होता म्हणे. बायका चिडल्या, आणि माझ्या मते रास्त चिडल्या. कारण शब्द कितीही पवित्र असला तरी हळदीकुंकवाला न बोलावणाऱ्या शेजारणी त्याच राहतात. आदल्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं काय केलं? शब्दाला हातही लावला नाही. बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, असा ठराव केला. राज्य सरकारनं त्याच महिन्यात इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. हेरवाडच्या वाटेनं सगळीकडं प्रथा थांबल्या असं नाही, पण ‘विधवा’ या शब्दाचं ओझं हलकं व्हायचं असेल तर ते याच वाटेनं होईल.

आणि काही शब्द वाचवायचेच नसतात. तुमच्याच जिल्ह्यात २०११ साली ‘नकुशी’ नावाच्या २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. त्यांना कुणी ‘नकुशी हे नाव अभिमानानं मिरव’ असा सल्ला दिला नाही, आणि देणं क्रूरपणाचं झालं असतं.

मग ‘घाटी’ कुठल्या गटातला? मला वाटतं, तुमच्यासाठी तो मिरवण्याजोगा झालेला आहे आणि अप्पांसाठी नाही. दोघंही खरं बोलताय. तुम्हाला तो शब्द बसला तेव्हा तुमच्या हातात पुस्तकं होती, पुढं पदवी येणार होती. अप्पांना तो कुठं कुठं बसला असेल हे मी ठाण्याच्या पत्रावरून सांगू शकत नाही, पण गिरणगावात तो खात्यातल्या जॉबरकडून म्हणजे मुकादमाकडून, वाण्याकडून, पोलिसाकडून यायचा, आणि उलट बोललं तर रोजीवर यायचं. त्यात जानेवारी १९८२ चा संप. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. ज्या शहरानं ‘घाटी’ म्हणून घेतलं आणि तसंच सोडलं, त्या शहराच्या प्रदर्शनात सुनेच्या टेबलावर तीच अक्षरं, चकचकीत, पाव किलोच्या पाकिटावर. ‘दुसरं नाव सापडलं नाही का’ हा प्रश्न मला जुन्या काळातला वाटत नाही.

म्हणून तुमच्या यजमानांचं ‘होईल सवय’ हे मला पटत नाही. अप्पांना सवय लावायची नाहीये. सवय त्यांना होतीच, तीस-चाळीस वर्षं होती.

त्यांच्याशी बोला. पण ‘नाव कसं वाटलं?’ असं विचारू नका. त्याला ‘बरं आहे’ असंच उत्तर येईल. पाकिटं, लेबल, धंदा काही समोर नसताना, संध्याकाळी चहाला, ‘अप्पा, तुम्हाला घाटी कोण म्हणायचं?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. ते सांगतील किंवा नाही सांगणार. सांगायला लागले तर मध्ये आपली कॉलेजची गोष्ट घालू नका. आणि कृपा करून मोबाइल बाहेर काढू नका. हल्ली प्रत्येक घरगुती ब्रँडला ‘आमची कहाणी’ हवी असते, आणि म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांतलं पाणी तीस सेकंदांच्या रीलमध्ये छान दिसतं. ती मिळकत त्यांची आहे. त्यांनी आपणहून दिली तरच तुमची.

त्यांचा नकार म्हणजे व्हेटो का, असं तुम्ही आडून विचारलं आहे. माझं उत्तर: पाकिटाच्या दर्शनी भागापुरतं, हो. ज्या घरात मिरच्या वाळत घातल्या जातात, ज्या माणसाच्या हातानं पाकिटं भरली जात होती, त्याला रोज ती अक्षरं बघायला लावून मिळवलेला अभिमान मला पोकळ वाटतो. दुसऱ्या एखाद्या घरी, जिथं म्हातारी माणसं स्वतःच हसत हसत ‘आम्ही घाटी’ म्हणतात (अशी घरं आहेत, मी बघितली आहेत), तिथं मी उलटा सल्ला दिला असता.

आता धंद्याचं बोलू, कारण त्यातही एक गृहीतक आहे: हे नाव तुमचं होईल. होणं अवघड आहे. वडापावच्या गाडीपासून किराणा दुकानापर्यंत ‘घाटी मसाला’, ‘घाटी चटणी’ हे शब्द मालाचा प्रकार म्हणून आधीच चालतात. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात मालाचा प्रकार किंवा मूळ ठिकाण सांगणाऱ्या नुसत्या शब्दाची नोंदणी सहजी होत नाही. तो शब्द सगळ्या विक्रेत्यांना लागतो, असा त्यामागचा विचार. म्हणजे घरात एवढं वादळ सोसून तुम्ही जे नाव घ्याल ते उद्या शेजारचा स्टॉलवालाही लावू शकेल. छपाईचा खर्च करण्याआधी ट्रेडमार्कच्या वकिलाकडून शोध घ्या.

आणखी एक गंमत तुमच्या लक्षात आली असेलच. माणमध्ये या पदार्थाला कुणी घाटी मसाला म्हणतं का? तिथं ती नुसती ‘चटणी’. कांदा उन्हात कडकडीत वाळवायचा, सुकं खोबरं खरपूस भाजायचं, धने-तीळ वेगळे, लसूण शेवटी, आणि डंकाशेजारी उभं राहून ठसका लागेपर्यंत लक्ष ठेवायचं, नाहीतर डंकवाला आधीच्या बाईचं उरलेलं तुमच्यात मिसळतो. ‘घाटी’ हे नाव तिला घाटाखालच्यांनी दिलं. तुम्ही जे परत मिळवू बघताय ते मुळात तुमच्या गावात नव्हतंच.

तुमच्या तालुक्यात होता तो दुसराच शब्द, आणि त्याचं काय झालं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. ‘माणदेशी’. एके काळी माणदेश म्हटलं की पुढचा शब्द ‘दुष्काळ’ असायचा. चारा नाही, पाणी नाही, माणसं गाव सोडून जाणार. मग १९९७ साली म्हसवडला चेतना सिन्हा आणि गावातल्या बायकांनी माणदेशी महिला सहकारी बँक काढली. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला होता, कारण सभासद बायका अंगठेबहाद्दर. त्या साक्षरतेच्या वर्गाला बसल्या, अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला व्याजाचा हिशेब घाला, तोंडी करून दाखवतो. पुढं २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली, दहावी आली, लोक तिला ‘माणदेशी एक्सप्रेस’ म्हणतात. पाऊस अजून कमीच पडतो. तरी आज कुणी ‘मी माणदेशी’ म्हटलं तर ऐकणारा कीव करत नाही. शब्दाचा अर्थ बदलायची मोहीम तिथं कुणी काढली नव्हती. बायका कर्जं देत राहिल्या, पोरगी पळत राहिली.

गिरणगावातही असं झालंय. गावाकडून एकट्या आलेल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका; ‘खानावळवाली’ हे काही मानाचं संबोधन नव्हतं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं, बँकेची कर्जं मिळवून दिली, सावकाराच्या तावडीतून सोडवलं. त्यातल्या एखादीच्या हातचं अप्पांनी खाल्लं असण्याची शक्यता आहे. हेही विचारा त्यांना. ‘घाटी’वर बोलायचे नाहीत कदाचित, पण खानावळीतल्या रश्श्यावर बोलतील.

अशीच पत्रं इतरही लिहितात. कुणाला ‘गावंढळ’ या नावानं यूट्यूब चॅनेल काढायचाय, एकीला ‘काळी’ म्हणून चिडवायचे आणि आता तिला तेच आपल्या साड्यांच्या दुकानाचं नाव हवंय. त्यांनाही मी हेच विचारते. हा शब्द तुम्हाला जसा बसला, त्याहून जास्त कुणाला बसला? ते अजून आहेत का, आणि त्यांच्यासमोर तुम्ही तो मोठ्यानं म्हणू शकता का? स्टॉलवर एखादं अनोळखी गिऱ्हाईक, ज्याला आयुष्यात कुणी तसं म्हटलं नाही, हसत ‘अरे, घाटी!’ म्हणालं, तर तुम्हीही हसाल की पोटात काहीतरी हलेल? उत्तर कागदावर लिहून नका ठेवू. चार दिवस नाव तोंडी वापरून बघा. फोनवर, सोसायटीत, आणि गिरणीतल्या जुन्या मंडळींच्या एखाद्या बारशाला-लग्नाला. कुणाशी बोलताना जीभ अडखळते ते आपोआप कळतं. आपण तो शब्द स्वतःला लावतोय की दुसऱ्यांना विकतोय, हाही फरक आहे. स्वतःला लावायला कुणाची परवानगी लागत नाही. तुम्ही उद्या मैत्रिणींत ‘मी पक्की घाटी’ म्हणालात तर अप्पासुद्धा हरकत घेणार नाहीत.

मुलीला रागावू नका. तिला एकदा शांतपणे विचारा, ‘घाटी म्हणजे नेमकं काय ग?’ ती सांगेल ते ऐकून घ्या आणि मग तिच्या पणजोबांचं गाव नकाशावर दाखवा. अप्पांना त्यासाठी धड्यातल्या चित्रासारखं समोर बसवू नका. वाईट चवीला, भडक कपड्याला ‘घाटी’ म्हणायचं नाही, एवढा एक नियम मात्र घरात करा, आणि तो तुमच्या यजमानांनाही लागू. शाळेत सांगायचं की नाही हे तिच्यावर सोडा. नववीत सगळ्याचीच लाज वाटते. नाव ‘लॅव्हेंडर’ ठेवलं असतं तरी ती हात जोडून उभी राहिली असती.

दिवाळीला वेळ थोडा आहे. माझ्या मते पहिल्या खेपेला समोर गावाचं नाव आणि ‘कांदा-लसूण चटणी’ एवढंच छापा. छापून आणण्याआधी नमुना अप्पांच्या हातात द्या, नुसता दाखवू नका. आणि पाकिटं भरायला बसाल तेव्हा त्यांची जागा मोकळी ठेवा. पुढं कधी त्यांनीच काही सांगितलं आणि छापायला हरकत नाही म्हणाले, तर त्यांचं एक वाक्य पाठीमागं बारीक अक्षरात घाला, त्यांच्या शब्दांत, शुद्धलेखन न सुधारता. नाही म्हणाले तर ती जागा घटक पदार्थांना द्या. त्यांची यादी छापावी लागतेच, आणि तुमच्या चटणीत काय काय पडतं ते बघता जागा कमीच पडेल.